अर्थिंगच्या बोल्टावरचा जांभळा ठिपका

परत आलेल्या त्या स्टार्टरच्या पेटीत, अर्थिंगच्या बोल्टावर जो जांभळा ठिपका सापडला, तो मी लावला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. नारायणगडावर दोनदा जाऊन आलो. तिथंही हात जोडून उभा राहिलो आणि मुलाबाळांचं बरं मागून परत फिरलो.

ठिपका म्हणजे काय, ते आधी सांगायला पाहिजे. बीडच्या बाहेर एका शेडमध्ये आम्ही शेतातल्या पंपाचे स्टार्टर जोडतो. विहिरीवर किंवा बोअरवर लोखंडी पेटी असते, हिरवं बटण दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद, ती पेटी. रिकामी पेटी रंगवून बाहेरून येते. आत सामान बसवणं, वायरी जोडणं, स्क्रू आवळणं हे लाइनवरच्या बायका करतात. स्क्रू पुरता आवळला की अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पत्र्यावर असा एक ठिपका द्यायचा. पुढं स्क्रू सैल झाला तर ठिपका तुटलेला दिसतो. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी खास मार्कर मिळतात. आमच्याकडं नेलपेंट. आठवडी बाजारातून प्रत्येकीनं आपापली बाटली आणायची, रंग दुसरीचा नको. त्यामुळं कुठला स्क्रू कुणी आवळला हे सही केल्यासारखं कळायचं. बायकांची नावंही तशीच पडली होती. हिरवी, मोतिया, लाल. आणि जिच्याबद्दल हे सांगतोय, ती बाई जांभळी.

आणि नियम असा, की ठिपका नसलेला स्क्रू दिसला तर इन्स्पेक्टरनं पेटी परत पाठवायची, शिक्का मारायचा नाही. इन्स्पेक्टर मी होतो. अजूनही मीच आहे.

ती गोड बाई नव्हती. या कबुलीत तिला देवी करून मला सुटायचं नाही. तोंडाची तिखट होती, चूक दिसली की दहा माणसांत बोलायची आणि बोलून झाल्यावर समोरच्याचं तोंड कसं झालं ते बघायची. सासरचं सगळं घर दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचं. ही गेली नाही. लग्नानंतर, सासूच्या शिव्या खात, आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि लेकीला घेऊन बीडात खोली करून राहिली. नवरा एकटा तोडीला गेला तर टोळीत त्याला अर्धा कोयता धरतात, म्हणजे बाईविना अर्धी जोडी. त्यावरून तो गावात हिणवून घ्यायचा आणि फोनवर हिला हिणवायचा. मधल्या सुट्टीत ती स्पीकर चालू ठेवूनच त्याच्याशी भांडायची. आम्ही डबे खात ऐकायचो.

मी फिटर. आयटीआय झाल्यावर बरीच वर्षं बाहेरच्या कारखान्यांत कंत्राटी म्हणून काढली. आधी हेल्पर, मग असेंब्ली, तिथून पुढं कुणी सरकू देईना. बीडला परत आलो तेव्हा मालकानं हातात शिक्का दिला. गोल, रबरी, मधे ‘पास’. ज्याचे हात पंधरा वर्षं ग्रीसमध्ये बुडालेले आहेत, त्याला असा शिक्का काय वाटतो ते शिकलेल्या माणसाला समजायचं नाही. मी तो खिशात ठेवायचो, टेबलावर नाही.

पहिल्या महिन्यातच तिनं माझ्या पास केलेल्या ढिगातून एक पेटी उचलली, झाकण उघडलं आणि मोठ्यानं म्हणाली, “सायेब, ही वायर हातात आली बगा. तुमी पेटी उघडून बगता का वासावरून वळखता?”

लाइन हसली. सुपरवायझरही हसला. मी म्हणालो, “बाई, तुमचं काम जोडायचं. तपासायचं आमच्याकडं ठेवा.”

“ठिवलं असतं वो. पन तुमी ठिवलेलं सापडत न्हाई.”

पुन्हा हसले. त्या दिवसापासून मला ती नको झाली. सकाळी तिची चप्पल दारात दिसली की माझा दिवस नासायचा. तिच्या पेट्या मी मुद्दाम जास्त तपासायचो. चूक निघायची नाही, म्हणून आणखी चिडायचो.

त्यात मालकानं आणखी एक इन्स्पेक्टर घ्यायचं ठरवलं. काम वाढलं होतं. एका सकाळी सगळ्यांसमोर तिला म्हणाला, “आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन या. पुढच्या महिन्यापासून तुम्ही टेस्टिंगला.” तिचा चेहरा मी पहिल्यांदा मऊ झालेला पाहिला. तिला ती जागा मिळणार, माझ्या शेजारी टेबल लागणार, तिच्याही हातात शिक्का येणार. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

मग काटेरी वॉशर संपले.

अर्थिंगचा बोल्ट पेटीच्या रंगवलेल्या पत्र्यावर बसतो. रंगातून वीज जात नाही. म्हणून बोल्टाखाली काटेरी वॉशर घालतात, तो आवळताना रंग फाडून पत्र्याला भिडतो. तो नसेल तर तेवढ्या जागेचा रंग कानशीनं खरवडायचा. दोन्हीतलं काहीच केलं नाही, तर बोल्ट कितीही घट्ट असो, अर्थिंग नाही. पेटीत वीज उतरली तर ती जमिनीत जाणार नाही, हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

गाडी दारात उभी होती. चाळीस पेट्या जायच्या होत्या, सगळ्या तिच्याच हातच्या. सुपरवायझरनं साधे वॉशर आणून टाकले आणि म्हणाला, “हेच लावा. चालतंय.”

ती म्हणाली, “मग खरवडू द्या.”

“टाइम कुठं हाय, बाई? ड्रायव्हर बोंबलायलाय.”

“मग मी ठिपका न्हाई द्यायची. बाकीच्या स्क्रूला दीन. ह्या बोल्टाला न्हाई.”

“नको देऊ,” सुपरवायझर म्हणाला आणि माझ्याकडं वळला, “तू मार बे शिक्का. कावून बघायलास?”

ती माझ्या टेबलापाशी आली. त्या वेळी ती टोमणा मारत नव्हती, हे मला पक्कं आठवतं. हळू आवाजात म्हणाली, “सायेब, एक पेटी मीटर लावून बगा. एकच. बीप वाजला तर मी गप बसते.”

मीटर माझ्या हाताशी होता. एक टोक बोल्टाला, एक टोक आतल्या उघड्या पत्र्याला. श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा वेळ. मी तपासलं नाही. ते सांगणारी ती होती, म्हणून तपासलं नाही. हिरवीनं सांगितलं असतं तर तपासलं असतं. मी खिशातून शिक्का काढला आणि तिच्या तोंडाकडं बघत बघत चाळीस पेट्यांवर मारला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गेले असतील. सिरसाळ्याकडच्या एका दुकानदाराचा मालकाला फोन आला. त्याच्या गिऱ्हाईकानं, वयस्कर शेतकऱ्यानं, ओल्या हातानं पेटीचं बटण दाबलं आणि तो फेकला गेला. आत एक वायर घासून उघडी पडली होती. माणूस वाचला, पण उजवा हात भाजला. दोन बोटं पुढं कधीच मिटली नाहीत असं नंतर कानावर आलं. दुकानदारानं पेटीचं झाकण उघडून फोटो काढले, मालकाला पाठवले आणि पेटी एसटीच्या पार्सलनं लावून दिली.

पेटी सकाळी आली. मालक बाहेर गेला होता. सुपरवायझरनं ती माझ्या टेबलावर आदळली. “तुझा शिक्का हाय बे ह्याच्यावर,” एवढंच बोलला आणि गेला.

मी झाकण उघडलं. आत शेतातली बारीक माती बसली होती. सगळ्या स्क्रूंवर जांभळे ठिपके, आणि अर्थिंगचा बोल्ट कोरा. तो कोरा बोल्ट म्हणजे माझी नोकरी होती. ठिपका नाही, तरी शिक्का आहे. दुसरा कुणी त्यात येतच नव्हता.

मधल्या सुट्टीत बायका बाहेर लिंबाखाली डबे घेऊन बसल्या. तिची बाटली लाइनवर तिच्या जागी होती. दुकानदाराचे फोटो शेडमध्ये सगळ्यांना माहीत होते, पण तेव्हा ते माझ्या ध्यानातच आले नाहीत. मी ती उचलली, टेबलाशी आलो, ब्रश बाहेर काढला. अर्धा बोल्टावर, अर्धा पत्र्यावर, अगदी ती द्यायची तसा ठिपका दिला आणि फुंकर मारून वाळवला. बाटली परत ठेवताना ती जशी होती तशीच, झाकण खिडकीकडं करून ठेवली.

दुपारनंतर मालकानं केबिनमध्ये बोलावलं. मी, सुपरवायझर, ती. दारात दोन-तीन बायका कान लावून उभ्या. मालकानं पेटी तिच्यापुढं सरकवली. “बाई, हा तुमचा ठिपका. बोल्टाखाली रंग जसाच्या तसा आहे. न खरवडता ठिपका दिला?”

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग बोट न लावता म्हणाली, “हा माजा न्हाई.”

“जांभळा दुसऱ्या कुणाचा आहे?”

“रंग माजा हाय. ठिपका माजा न्हाई. मालक, नीट बगा. माती खाली हाय अन् रंग वर हाय. म्या शेडमंदी दिला असता तर रंगावर माती बसली असती ना? माती आदी कशी बसल?”

मी म्हणालो, “ह्या काहीपण बोलतात. पेटी पार्सलनं आली, माती इकडची तिकडं झाली असेल.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. तोवर तिला समजलं नव्हतं. माझं बोलणं ऐकून समजलं. ती मालकाकडं वळली. “तुमच्या फोनात फोटू हाय ना दुकानदाराचा? पेटी निगायच्या आदीचा? तो काडा. आत्ता काडा.”

फोन टेबलावरच होता. मालकानं तो उचलला. मला वाटलं, संपलं. मालकानं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि फोन शर्टच्या खिशात घातला.

“फोटो धूसर आहे,” तो म्हणाला.

त्याचा हिशेब मला नंतर कळला, पण अवघड नव्हता. इन्स्पेक्टरनं न तपासता शिक्का मारला असं ठरलं, तर आजवरच्या सगळ्या शिक्क्यांवर दुकानदार बोट ठेवणार. एका बाईनं खोटा ठिपका दिला असं ठरलं, तर एक बाई वाईट ठरते. बाया काय, उद्या दुसरी मिळते. तो वाईट माणूस नव्हता असं मी म्हणणार नाही. वाईट होता. मीही होतो.

“वॉशर न्हवते,” ती सुपरवायझरला म्हणाली. “तुमी सांगा ना. तुमच्यासमोर म्हनले ना मी, ठिपका न्हाई द्यायची?”

सुपरवायझर नखं बघत होता. “मला आठवत न्हाई बाई. गाडीची गडबड होती.”

“आठवत न्हाई!” ती हसली. तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छा नाही. “तीन बाप्ये बसलेत, अन् एकाची जीब चालंना. बांगड्या भराव्या म्हनलं तर बांगडीचा अपमान.”

मालक उठला. “विषय संपला. उद्यापासून येऊ नका.” मग मला म्हणाला, “रिपोर्ट लिही.”

मी लिहिला. छापील फॉर्म होता, ‘दोषाचं कारण’ अशी ओळ. तिथं मी लिहिलं, की जोडणाऱ्या कामगारानं रंग न काढता खोटी खूण केली. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं.

ती बाटली न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी मालकानं मला आणि सुपरवायझरला गाडी दिली. उरलेल्या पेट्या दुकानदारांकडं आणि कुठं कुठं थेट विहिरीवर होत्या. गाजावाजा न करता सगळ्यांचे वॉशर बदलायचे, रंग खरवडायचा. एकाच बाईची एकाच पेटीतली चूक असेल, तर उरलेल्या एकोणचाळीस पेट्या कशाला बघायच्या, असं आम्हा तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

पाटोद्याच्या एका दुकानात मी पहिली पेटी उघडली. सगळे स्क्रू जांभळे, अर्थिंगचा बोल्ट कोरा. दुसरी उघडली. कोरा. तिसरी. ती जे केबिनमध्ये बोलली, ते पेटीपेटीत लिहून ठेवलेलं होतं. मी कानस फिरवत होतो, रंगाची भुकटी माझ्या गुडघ्यावर पडत होती. पाना मारून बोल्ट आवळला आणि झाकण लावणार, तेवढ्यात सुपरवायझरनं खिशातून तिची बाटली काढली आणि माझ्यापुढं धरली.

“लाव.”

मी त्याच्याकडं बघत राहिलो.

“बघतूस काय बे? एकाला लावलास की. आता सगळ्यांला लाव, सारखं दिसल.”

मला वाटत होतं कुणाला कळलेलं नाही. त्याला पहिल्यापासून कळलं होतं, आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं. उलट त्या दिवसापासून तो माझ्याशी मित्रासारखा वागायला लागला. चहा पाजायचा. मला ते शिव्यांपेक्षा वाईट वाटायचं, पण चहा मी प्यायचो. त्या दोन दिवसांत मी एकोणचाळीस ठिपके दिले. तिनं नाकारलं होतं त्याचा एकेक पुरावा स्वतःच्या हातानं रंगवून टाकला.

तिला दुसरीकडं काम मिळालं नाही. आमच्या धंद्यातल्या शेड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, मालक एकमेकांना फोन करतात. “कामाला चांगली आहे, पण खोटी खूण करते,” एवढं म्हटलं की झालं. असेंब्लीच्या कामात बाईला किंवा बाप्याला दुसरं काय असतं? डिग्री नाही, ओळख नाही. ‘ह्याच्या हाताखालून गेलेलं बघावं लागत नाही’ एवढी एकच कमाई. ती मी तिची काढून घेतली. दिवाळीनंतर तिनं खोली सोडली आणि नवऱ्यासोबत तोडीला गेली, पुरा कोयता झाला. हे मला हिरवीनं सांगितलं, मुद्दाम, माझ्या टेबलाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लाइनवरच्या बायकांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तेव्हापासून मला कुणी ‘सायेब’ म्हणत नाही. काहीच म्हणत नाहीत. पेटी ठेवतात आणि जातात. नवीन आलेल्या मुलीही आठवडाभरात तसंच वागायला शिकतात.

दुसऱ्या इन्स्पेक्टरची जागा मालकानं भरली नाही. दोन्ही टेबलं मीच सांभाळतो. आता माझ्या टेबलावर ‘गुणवत्ता प्रमुख’ अशी पाटी आहे.

यंदा एका नातलगाच्या लग्नाला पाटोद्याकडं गेलतो. फाट्यावर पत्र्याचं एक दुकान दिसलं, बाहेर जळालेल्या मोटारींचा ढीग. आत एक बाई मांडीवर मोटारीचा गाभा घेऊन तांब्याची तार भरत होती. केस पांढरे झालेले. मी ओळखलं, तिनं माझ्याआधी ओळखलं. हात थांबला नाही तिचा.

“या,” म्हणाली. बसा म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. आपल्याकडं वैऱ्यालाही पाणी विचारतात.

मी म्हणालो, “बाई, मला एक सांगायचं होतं. त्या पेटीचं...”

“नगा सांगू.”

“पण...”

“मला काय सांगताव? मला त्याच दिवशी ठाऊक झालं. तुमाला लई जड झालं आसल म्हनून हितं वतायला आलाव. मी काय उकिरडा हाय का?” तिनं तार दातांत धरून तोडली. “माफी-बिफी मला नको. तिचं मी काय करू, वायंडिंगमंदी भरू? लेक माजी आता मोठी झाली. परवा नोकरीला गेलती इंटरव्ह्यूला, तिकडल्या शेडमंदी. आईचं नाव इचारलं अन् म्हनले, त्या खोट्या खुणेवालीची का? इतकी वर्सं झाली, अजून तेच नाव हाय माजं.”

तिनं तारेचं दुसरं टोक गाभ्यात सरकवलं.

“तुमी कागद लिवला होता ना? सही केली होती? मग तसाच दुसरा लिवा. अन् मला नगा दाखवू, मला वाचायला येळ न्हाई. मालकाला द्या, लाइनला वाचून दाखवा, बाकीच्या शेडवाल्यांला धाडा. जमत आसल तर करा. न्हाई तर लग्नात जेवा अन् घरी जा. सावली पडायली तुमची कामावर.”

मी लग्नात जेवलो आणि घरी गेलो.

त्याला चार महिने झाले. मालक तोच आहे, फॉर्मही तेच छापून येतात, माझ्या ड्रॉवरमध्ये कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा आहे. मला काही अडवत नाही. मला भीती वाटते, एवढंच. या वयात पुन्हा ग्रीसमध्ये हात घालायची भीती, लाइनवरच्या बायकांसमोर उभं राहून वाचायची भीती. शिवाय, खरं ते सगळंच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो, ती बाई मला आजही आवडत नाही. तिनं मला दारात उभं ठेवलं याचा राग मी अजून धरून आहे.

आवडीचा त्यात संबंध नाही. मी तिला एक कागद देणं लागतो. त्यात लिहिलेलं असलं पाहिजे, की ती खूण तिची नव्हती, माझी होती, आणि तिनं सांगूनही मी तपासलं नव्हतं. खाली माझी सही पाहिजे, आणि तो शेडमध्ये सगळ्यांसमोर मी वाचून दाखवला पाहिजे. तो कागद मी अजून लिहिलेला नाही.